सव्वा मूठ गहू

मी तापट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. दवाखान्यात माझ्या पाठीमागे मला मिरची म्हणतात आणि समोर आले की "मॅडम, चहा घेता का" म्हणतात. नंदुरबार जिल्ह्यात मिरची म्हणवून घेण्यात काही कमीपणा नाही, म्हणून मी कधी मनावर घेतलं नाही. पण माझं काम मात्र गोडीचं आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका ग्रामीण रुग्णालयात मी एचआयव्हीच्या तपासणीला आलेल्या माणसांशी बोलते. रक्त घ्यायच्या आधी बोलते, आणि निकाल आला की पुन्हा दार लोटून बोलते. पंखा तेवढा बंद करावा लागतो, कारण तो मेला एवढा खडखडतो की माणसाचा हुंदकासुद्धा ऐकू येत नाही.

काय बोलते? तेच, जे पंधरा वर्षं बोलतेय. हा विषाणू चार वाटांनी येतो. निरोध न वापरता आलेल्या शरीरसंबंधातून, बाधित रक्तातून, एकाची सुई दुसऱ्याला टोचल्यानं, आणि आईकडून बाळाला, पोटात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. आणि त्यातही आईनं वेळेवर गोळ्या घेतल्या तर बाळ जवळजवळ हमखास वाचतं. एका ताटात जेवल्यानं होत नाही. उष्टं पाणी प्यायल्यानं होत नाही. मिठी मारल्यानं, घामानं, थुंकीनं, डास चावल्यानं होत नाही. हे मी पाढ्यासारखं म्हणते. अक्कलकुव्याच्या बाजारात म्हटलंय, खापर गावच्या हायवेवर ट्रकवाल्यांना खाटेवर बसवून म्हटलंय. ते मला "सुईवाली बाई उनी" म्हणून चिडवायचे आणि निरोधाची पाकिटं मात्र बिनबोभाट खिशात टाकायचे.

नुसतं म्हणते असंही नाही. एकदा डोंगरातलं एक जोडपं आलं होतं. गुजरातमधून ऊसतोड करून परतलेलं, दोघंही बाधित. दुपार झाली तेव्हा बाईनं फडक्यातून ज्वारीची भाकर आणि आमचुराची चटणी सोडली. मराठी तिला फारशी येत नव्हती, तिनं नुसता भाकरीचा तुकडा पुढे केला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ती परीक्षा होती, कळलं मला. मी खुर्ची सोडून खाली बसले आणि त्यांच्याबरोबर अर्धी भाकर खाल्ली. त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवर भलती खूश होते. हे एवढ्यासाठी सांगतेय की पुढे मी काय केलं ते कळल्यावर तुम्ही म्हणाल, हिला माहीत नव्हतं. माहीत होतं हो. सगळं माहीत होतं.

माझं माहेर तापीकाठच्या सपाटीवर, शहाद्याच्या बाजूला. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. घरात माय, धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांचा चार वर्षांचा मुलगा. भिंतीला भिंत लागून थोरल्या काकांचं घर. भाऊ पिकअप चालवायचा, पपई घेऊन सुरतेला जायचा. परत निघाला की आधी मला फोन, "आक्का, तुन्हासाठे काय लयू?" असा. लहानपणी मी त्याला पाठीवर घेऊन शाळेत नेलंय, कारण चिखलात त्याची चप्पल रुतायची आणि तो तिथंच भोकाड पसरायचा.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात त्याला ताप धरला, उतरेचना. वजन एवढं उतरलं की पँट पट्ट्यानं आवळून घालायला लागला. मीच म्हटलं, आमच्याकडे ये. डॉक्टरांनी बाकीच्या तपासण्यांबरोबर ही तपासणीही लिहिली. नात्यातल्या माणसाशी मी बोलायचं नाही, हा नियम. म्हणून माझ्या सहकारी बाई बोलल्या. निकाल मला कोणी सांगितला नाही, सांगणारही नव्हते. मी बाहेर बाकड्यावर बसून होते. तो बाहेर आला, माझ्याजवळ बसला आणि हातातला कागद माझ्या मांडीवर ठेवला.

मी लोकांना कधीच विचारत नाही की हे कसं झालं. झालं ते झालं, आता पुढे काय करायचं ते बोलू, असं म्हणते. पण तो कागद वाचला आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "कसं रे?"

तो खाली बघत म्हणाला, "आक्का, तू मॅडम व्हईसन इचारस का बहीण व्हईसन?"

मग दोघंही रडलो, बाकड्यावर, भर ओपीडीत. भावजयीची तपासणी झाली. ती निगेटिव्ह निघाली, तीन महिन्यांनी पुन्हा केली तरी निगेटिव्ह. मुलगाही सुखरूप. देवाला हात जोडले. जिल्ह्याच्या केंद्रात भावाच्या गोळ्या सुरू झाल्या, रोज एक, ठरल्या वेळी, जन्मभर. गोळी नेमानं घेतली तर विषाणू दबत दबत इतका कमी होतो की रक्तात मोजायलाही सापडत नाही, आणि मग तो बायकोलाही लागत नाही. तोवर निरोध, आणि तिची अधूनमधून तपासणी. हे सगळं त्याला मीच सांगितलं. आणि आणखी एक सांगितलं, जे मी सगळ्यांना सांगते. घरात सांग. लपवलेल्या गोळ्या चुकतात, घरच्यांना माहीत असलं की आठवण राहते, आधार मिळतो.

त्यानं माझं ऐकलं. बायकोला तर कळलेलंच होतं, मायला त्यानं सांगितलं. मायनं थोरल्या काकूला सांगितलं, कारण तिच्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याचं ताट वेगळं झालं. पेल्याला खिळ्यानं खूण करून ठेवली. मी फोनवर मायला इतकी बोलले, इतकी बोलले की शेवटी ती म्हणाली, "बरं माय, तू म्हनशी तसं," आणि खुणेचा पेला माळ्यावर टाकला. मला वाटलं, झालं, जिंकले.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्या खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, दोन-चार दिवस कोणी त्यांना कामाला हात लावू देत नाही. मी माझ्या पाच वर्षांच्या लेकीला घेऊन गेले. भावाची तब्येत सुधारली होती. गालावर मांस आलं होतं. गाडी तात्पुरती सोडून तो पपईच्या बागेत राबत होता. दुपारी ओसरीवर सगळे बसलो होतो. त्यानं कैरीचं पन्हं घेतलं, अर्धा पेला प्याला आणि उरलेला माझ्या लेकीपुढे धरला. मामा-भाचीचं हे नेहमीचं होतं. तिनं दोन्ही हातांनी पेला धरला, तोंडाला लावणार तोच मी तो काढून घेतला.

"थांब गं, तुला वेगळं देते," असं म्हटलं मी. हसत म्हटलं. त्यात बर्फ नाही म्हणाले, असलं काहीतरी. आणि ते पन्हं मोरीत ओतलं.

मी ठरवून केलं नाही हो. हात आपोआप गेला. पंधरा वर्षं जे तोंड बोलत होतं ते त्या क्षणी कुठं मेलं होतं कोण जाणे. पेला विसळताना मान वर केली तर भाऊ माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. राग असता तर मी भांडले असते, भांडणात मी कोणाला हार जात नाही. तो फक्त बघत होता, आणि मग उठला, चप्पल घातली, "मोटर चालू करी येस" म्हणून शेतात निघून गेला. सांजोऱ्या तळून झाल्या, झोके झाले, मी परत आले. त्या गोष्टीबद्दल मी कोणाशी बोलले नाही. स्वतःशीसुद्धा नाही.

आषाढात भावजयीचा फोन आला. मागच्या परसात जाऊन बोलत असावी, कोंबड्यांचा आवाज येत होता. "ताई, त्यासनी गोळ्यासनी बाटली तशीच भरेल शे. माले म्हनतस खादी, खादी, पन मी मोजी देखी. आखाजीपाईन एकबी कमी व्हयनी नही."

आखाजीपासून. मी तिला विचारलं, निरोध? ती म्हणाली, त्याची गरजच नाही ताई, ते ओसरीवर निजतात, पोरालाही जवळ घेत नाहीत. मग ती एवढंच म्हणाली, "त्यासले वाचाडा," आणि फोन ठेवला.

गोळ्या सोडल्या की काय होतं ते मला नको तितकं माहीत आहे. आधी काहीच होत नाही, तीच फसगत असते. माणूस म्हणतो, बघा, गोळीशिवाय बराच आहे मी. आतल्या आत विषाणू पुन्हा वाढतो, मग एखादा क्षय, एखादा निमोनिया, आणि चार महिन्यांपूर्वी हसत गेलेला माणूस स्ट्रेचरवर येतो. अशी माणसं मी पाहिलीत. त्या स्ट्रेचरवर मला माझा भाऊ दिसायला लागला. मी फोन करत राहिले, तो उचलेना. उचलला तर "चांगलं शे आक्का, कामात शे" म्हणून ठेवून द्यायचा. मला इतका संताप यायचा त्याचा. दोष माझा होता म्हणूनच जास्त यायचा.

श्रावणात कानबाई बसते आमच्याकडे. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईमाता घरात बसवतात, सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. तिच्या नैवेद्याला रोट, म्हणजे जाड पोळ्या, होतात, आणि त्या रोटांचे गहू मुठीनं मोजतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. थोरल्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत एकेकाचं नाव घ्यायचं आणि मूठ टाकायची. ते सगळे गहू एकत्र दळायचे. त्या पिठाचं जे काही होईल ते फक्त भाऊबंदांनीच खायचं, बाहेरच्याला कणही नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचं. आमच्या कुळात तर लग्न झालेल्या लेकीलाही रोट चालत नाही, कारण ती दुसऱ्या कुळाची झाली. मी दरवर्षी दर्शनाला जाते, गाणी म्हणते, आणि साधं वरण-पोळी खाऊन येते. त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं.

त्या वर्षी मी लेकीला घेऊन शनिवारीच पोचले. भाऊ शेतात होता. माय ओसरीवर तांब्याचं पातेलं पुढे घेऊन मुठी टाकत होती, शेजारी थोरली काकू. थोरल्या काकांचं नाव घेतलं, मूठ टाकली. त्यांच्या दोन मुलांच्या दोन. नातवाची. मग मायनं माझ्या भावाचं नाव घेतलं, मूठ भरली आणि पातेल्यात न टाकता बाजूच्या एका स्टीलच्या डब्यात टाकली.

"हे काय?" मी विचारलं.

मायनं वर बघितलं नाही. काकूच म्हणाली, "त्यानी मूठ येगळी दळी आनसूत. त्याना रोट तो खाई. मूठ चुकाडी नही ना बाई आम्ही, देवीना मान राखा."

म्हणजे बघा. मूठ टाकली नाही तर देवीचा कोप, कारण मूठ फक्त मेलेल्या माणसाची टाकत नाहीत. आणि एकत्र टाकली तर रोगाची भीती. तेव्हा दोघींनी मिळून ही अशी वाट काढली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. पिठातून रोग जातो का, दळलेला, भाजलेला, तुपात तळलेला! तुम्हाला लाज वाटत नाही का, पोटचा पोर आहे तो! सगळा पाढा म्हटला मी, चार वाटा आणि ज्या वाटा नाहीत त्याही. काकू पदर सावरून उठली आणि आपल्या घरात गेली.

माय शांतपणे ऐकत होती. माझा दम संपला तेव्हा म्हणाली, "आखाजीले तू पोरना हातमातून पेला काढी लिधा, मी देखं."



"तू शिकेल शे," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी तुन्हं ऐकीसन तो खुणाना पेला माळावर टाकी दिन्हा. तुन्हावर इश्वास ठेवा. मंग तू उनी नि मोरीमा पन्हं वती दिन्हं. मी म्हटलं, हाई शिकेल बाई भ्यायनी, म्हनजे भ्यावानं काहीतरी असीच. मंग आम्ही कसं भ्यावं नही, सांग?"

सांग म्हणाली. एका फोननं माळ्यावर टाकायला लावलेला पेला मी एका हातानं पुन्हा तिच्या मनात ठेवला होता. काकू नाही, माय नाही. हा डबा माझा होता.

लेकीचा हात धरून मी शेतात गेले. भाऊ विहिरीजवळ पपईच्या सावलीत बसला होता. पुन्हा वाळला होता, गळ्याची हाडं दिसत होती. पोरगी "मामा" म्हणून धावली तर तो झटकन उठून दोन पावलं मागे सरला. मी सरळ सांगून टाकलं. म्हटलं, माझं चुकलं. आखाजीला पेला काढून घेतला ते चुकलं. तुझ्यापासून काही होणार नव्हतं, मला माहीत होतं आणि तरी मी घाबरले.

"तू सांगस ते खरं शे ना?" तो म्हणाला.

"खरं आहे."

"मंग तुन्हा हात का बरं हालना?"

मी म्हटलं, "तुझ्यापुढे मॅडम नव्हते रे. आई होते. आईला अक्कल नसते."

तो थोडं हसला, गालातल्या गालात. मी त्याची पाण्याची बाटली उचलली, अर्धी प्याले आणि लेकीला द्यायला गेले. पण त्यानं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि पाणी झाडाच्या बुंध्याला ओतून टाकलं. "नको आक्का," तो म्हणाला. "खरंच काही व्हयनं ते? मन्हा पोऱ्यालेबी मी घेत नही. तुले तीन महिने लागनात पस्तावाले. माले आते परत इश्वास ठेवाले बी टाइम लागी." मग म्हणाला, "गोळी खाईसन काय करू? खास तव्हय आठवन येस की मी कोन शे. नही खादी ते निदान इसरी जास."

मी एवढंच म्हणाले की तुझ्या बायकोनं मला फोन केला, "त्यासले वाचाडा" म्हणाली. तू विसरतोस, ती एक दिवस विसरत नाही. तो उठला, फावडं खांद्यावर टाकलं आणि आमच्यामागे चार हात अंतर ठेवून घरी आला. पोरगी सारखी मागे वळून त्याला बघत होती.

ओसरीवर पातेलं आणि डबा तसेच होते. काकू काकांना घेऊन आली होती, माझ्या तोंडाळपणाची तक्रार करायला. काका खाटेवर बसले होते. ते मायचे जेठ, म्हणजे थोरले दीर. माझ्या आठवणीत माय कधी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हती, की त्यांच्याशी थेट बोलत नव्हती. काही सांगायचं असलं तर आम्हा पोरांना सांगायची, ते ऐकतील अशा आवाजात.

भावानं डबा पाहिला. त्याला कोणी समजावून सांगावं लागलं नाही, त्याच घरात वाढलाय तो. तो अंगणातच थांबला आणि म्हणाला, "माय, येगळी मूठ नको मन्ही. टाकूच नको. समज मी नही शे."

आणि वळला. परत शेताकडे, की कुठं, कोण जाणे.

मायनं डबा उचलला. मला वाटलं, आतल्या खोलीत नेते आहे. तिनं तो पातेल्यात पालथा केला. मग कोपरापर्यंत हात घालून गहू खालीवर, खालीवर केले, गुरांच्या आंबोणात हात फिरवतात तसे, आणि पदर डोक्यावर तसाच ठेवून आयुष्यात पहिल्यांदा जेठाकडे सरळ बघून बोलली.

"जित्ता मानूसनी मूठ शे ती. आते वळखी काढा कोनी कोनती शे ती. ज्याले निवडता येई त्यानी आपली काढी लिजास."

काकूनं तोंड उघडलं आणि मिटलं. काका उठून पातेल्याजवळ आले, चष्मा नव्हता म्हणून वाकून बघितलं, जणू खरंच निवडता येतात का ते पाहत होते. मग अंगणात उभ्या असलेल्या माझ्या भावाला म्हणाले, "गोळ्या खास ना रे रोज?"

भाऊ चपलेनं माती उकरायला लागला.

"खाशी का?"

माय अजून हात गव्हात घालूनच बसली होती. भावानं तिच्याकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या बायकोकडे. "खासू," तो म्हणाला.

"मंग दळाले लई जा ते पातेलं," काका म्हणाले. "गिरनी बंद व्हई जाई."

पातेलं गिरणीवर भाऊच घेऊन गेला. रविवारी काकांनी त्याला आपल्या शेजारी जेवायला बसवलं. काकूनं त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून फार खाल्लं नाही, आणि मीही काही बोलले नाही. माणसाला टाइम लागतो, हे मी नुकतंच शिकले होते. मंगळवारी मी भावाला घेऊन जिल्ह्याच्या केंद्रात गेले. वाटलं होतं, बोलणी बसतील. पण तिथल्या डॉक्टरांनी नुसतं रक्त तपासायला घेतलं आणि विचारलं, "पुन्हा सुरू करायचं ना?" अगदी सहज आवाजात विचारलं, म्हणून मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

आता वर्ष होऊन गेलं. मागच्या तपासणीत त्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतका सापडला नाही. भावजय निगेटिव्हच आहे. गोळीची बाटली आता देवाच्या फळीवर, उघड्यावर असते, आणि वेळ झाली की माय गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडते, "गोळी खादी का रे?" तो म्हणतो, "हा माय, सारा गावले सांग." मी दवाखान्यात अजून तेच बोलते. पण आता शेवटी हेही सांगते की तुम्हाला भीती वाटेल. सगळं कळूनही हात मागे जाईल. गेला तर लपवू नका, लगेच जाऊन माफी मागा, तीन महिने थांबू नका. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

पण एक गोष्ट सांगायची राहिली. त्या श्रावणात पौर्णिमेच्या आदल्या दुपारी मी पुन्हा माहेरी गेले होते. शेवटचा एक रोट उरला होता, तो संपवायचा होता. भाऊ ओसरीवर जेवत होता, ताटाशेजारी पाण्याचा तांब्या, मांडीवर त्याचा मुलगा. दोघं मिळून तो रोट खात होते, एक घास बापाला, एक पोराला. मी खांबाला टेकून बघत होते. तुकडाभर राहिला तेव्हा त्यानं त्याचा एक घास तोडून खाल्ला आणि उरलेला, त्याच्या दातांची खूण असलेला, माझ्यापुढे धरला.

"ले आक्का."

मी मायकडे बघितलं. लग्न झाल्यापासून त्या घरात रोटाचा कण माझ्या तोंडात गेला नव्हता, आणि माय त्या बाबतीत किती कडक आहे ते मला माहीत होतं. मायनं आमच्याकडे बघितलं. मग तोंड फिरवलं आणि उगाच चुलीत एक लाकूड पुढे सारलं.

भावाचा हात तसाच पुढे होता. मी तो तुकडा घेतला आणि खाल्ला.